सेल्फ लागतो, इंजिन अडतं : बसून चालवायच्या लॉनमोअरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ओहायोतल्या कोलंबस शहराबाहेर माझ्या एका मित्राचं घर आहे. प्लॉट एक एकराचा, म्हणजे चाळीस गुंठे. घर, ड्राइव्हवे, झाडं वगळली तरी तीसेक गुंठे नुसतं गवत. सांगलीहून आलेल्या त्याच्या वडिलांनी पहिल्याच सकाळी अंगणात उभं राहून विचारलं, “एवढ्या रानात नुसतं गवतच घेता?” त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

इकडचं गवत थंड हवेतलं, ब्लूग्रास आणि फेस्क्यू जातीचं. बर्फ गेल्यावर ते एप्रिल-मे महिन्यांत झपाट्याने वाढतं. दर आठवड्याला कापलं नाही तर दोन आठवड्यांत गुडघ्याकडे येतं आणि मग साधं मशीन त्यात गुदमरतं. म्हणून मित्राने घर घेतलं त्याच वर्षी बसून चालवायचं लॉनमोअर जुन्यात घेतलं होतं. ४२ इंची पात्यांचं, एका सिलिंडरचं, साडेसतरा हॉर्सपॉवरचं. मीटरवर ३८० तास. इंजिन चांगलं, टायर चांगले, बसायची खुर्ची तेवढी फाटकी. मशीन कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण या प्रकरणात कंपनीचा दोष नाही. दोष असलाच तर आमचा आहे, आणि त्यातला बराचसा माझा.

नावं बाजूला ठेवू. घरमालक तो ‘मित्र’, त्याची बायको ‘वहिनी’, वडील ते ‘काका’. काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक होते. मित्र सॉफ्टवेअरमध्ये, मी गोदामांच्या नियोजनात. इंजिनाशी आम्हा दोघांचा संबंध कॉलेजच्या स्कूटरपुरता.

अडचण

एप्रिलचा दुसरा शनिवार. गवत सहा इंचांवर गेलेलं. मित्राने ब्रेकचं पेडल दाबलं, किल्ली फिरवली. ‘कट’ असा आवाज आला, सेल्फ एकदा ‘हुंऽ’ करून कण्हला, इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि अडलं. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या वेळी नुसतंच ‘कट’.

पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला. ‘मशीन सुरू होत नाही’ या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार मावतात. किल्ली फिरवल्यावर काहीच होत नाही, हा एक. ‘कट’ होतं पण इंजिन नीट फिरत नाही, हा दुसरा. इंजिन छान फिरतं पण पेट घेत नाही, हा तिसरा. पहिल्यात फ्यूज, किल्ली, सुरक्षेचे स्विच आणि वायरी बघायच्या. दुसऱ्यात बॅटरी, केबल, सेल्फ, किंवा इंजिनच जड झालंय का ते. पेट्रोल, हवा आणि ठिणगी यांची पाळी फक्त तिसऱ्यात येते. आमचा आजार स्वच्छ दुसरा होता आणि मशीन ते पहिल्याच झटक्यात सांगत होतं. आम्ही उपचार सुरू केले ते तिसऱ्यावर.

आणखी एक गोष्ट मागाहून निघाली. आदल्या ऑक्टोबरात शेवटचं गवत कापताना मशीन सुरू होतानाच अडखळत होतं. किल्ली फिरवली की एक ठेच लागल्यासारखं थांबायचं, मग सुटायचं. मित्राने ते थंडीच्या खात्यावर टाकलं.

पहिला शनिवार : पेट्रोल

मित्राचा तर्क असा होता की टाकीतलं पेट्रोल हिवाळाभर तसंच पडून होतं, म्हणजे तेच खराब झालं असणार. या तर्कात तथ्य नव्हतं असं नाही. इथल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि चार-पाच महिने पडून राहिलं की कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर धरतो. हंगामाच्या सुरुवातीला न पेटणाऱ्या मशीनचं हे अगदी नेहमीचं कारण.

पण आमचं इंजिन न पेटण्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते फिरतच नव्हतं. तरी मित्राने टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, कार्बोरेटरचं वाटीसारखं खालचं झाकण काढून जेट साफ केला. साडेतीन तास गेले. संध्याकाळी किल्ली फिरवली. ‘कट. हुंऽ.’

काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही, हंगामाला ते कधीतरी करायचंच होतं. पण त्या दिवशी त्याने एका वेळी तीन गोष्टी बदलल्या आणि मूळ प्रश्नाबद्दल काहीच कळलं नाही.

दुसरा टप्पा : बॅटरी, आणि माझा सल्ला

रविवारी मला फोन आला. मी मल्टिमीटर घेऊन गेलो. बॅटरीच्या दोन टोकांवर १२.४ व्होल्ट दाखवले. पूर्ण भरलेल्या बॅटरीला १२.६ किंवा थोडं वर हवं, १२.४ म्हणजे भरलेली नाही, पण बसलेलीही नाही. किल्ली फिरवून मोजलं तर काटकन ८.७ वर आली. मी लगेच निकाल दिला, “बॅटरी गेली. भार आला की बसतेय.”

मोजमाप बरोबर होतं, अर्थ चुकीचा होता. इंजिन अडलं की सेल्फ जागच्या जागी थांबतो, आणि थांबलेला सेल्फ बॅटरीतून फिरत्या सेल्फपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो. मग चांगल्या बॅटरीचाही व्होल्टेज कोसळतो. बॅटरी कमजोर म्हणून इंजिन अडतंय, की इंजिन अडतंय म्हणून बॅटरी कमजोर दिसतेय? हा प्रश्न मी विचारलाच नाही. दुकानातून नवी बॅटरी आणायला वीस मिनिटं लागतात, विचार करायला जास्त.

नवी बॅटरी साठ डॉलरला पडली. जुनी परत दिल्यावर थोडे पैसे मिळाले. पुढच्या शनिवारी ती बसवली, किल्ली फिरवली, आणि मशीन सुरू झालं.

आम्ही टाळ्या द्यायच्या बाकी होतो. मित्राने पुढचं अंगण कापलं, मागच्या बाजूला वळताना पात्यांत एक फांदी अडकली म्हणून मशीन बंद केलं, फांदी काढली, किल्ली फिरवली. ‘कट. हुंऽ.’ मशीन मागच्या अंगणाच्या मधोमध, आणि पश्चिमेकडून पावसाचे ढग. शेजारच्याच्या मदतीने ते ढकलत गॅरेजमध्ये आणलं.

या एका यशाने आमचं जितकं नुकसान केलं तितकं कुठल्याच अपयशाने केलं नाही. त्यामुळे आमचा समज झाला की बॅटरीचं निदान बरोबर होतं आणि आता आणखी काहीतरी ‘नवीन’ बिघडलंय. खरं कारण काकांनी पुढच्या आठवड्यात उलगडलं. इंजिन बंद होताना पिस्टन कुठे थांबतो यावर सगळं अवलंबून होतं. सिलिंडरातला दाब सुरू व्हायच्या अगदी आधी थांबला, तर सेल्फला धाव घ्यायला जागाच मिळत नाही. दाब संपल्यावर थांबला, तर दीडेक फेरे मोकळे मिळतात, फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, वेग येतो, आणि त्या जोरावर ते दाबाचा उंबरा ओलांडतं. त्या शनिवारी पिस्टन योग्य जागी होता एवढंच.

समोर असलेले पर्याय

सोमवारी रात्री आम्ही फोनवर बसलो. गवत मागच्या बाजूला नऊ इंच. पर्याय असे होते.

डीलरकडे द्यायचं. घरून उचलून नेणं आणि तपासणी मिळून दीडशे डॉलर, दुरुस्ती वेगळी, आणि एप्रिलची गर्दी असल्याने तीन आठवडे थांबा. तीन आठवड्यांत गवताचं रान झालं असतं.

नवा सेल्फ मागवायचा. नव्वद डॉलर, दोन दिवसांत घरी. मित्राच्या मोबाइलवर तो खरेदीच्या टोपलीत पडूनही होता. व्हिडिओंमध्ये सगळे तेच सांगत होते.

मशीन आहे तसं विकून नवं घ्यायचं. दोन हजार डॉलरच्या पुढे. वहिनींनी हा पर्याय एका नजरेत निकालात काढला.

शेजाऱ्याने चौथा उपाय सुचवला : सोलेनॉइडच्या, म्हणजे बॅटरी सेल्फला जोडणाऱ्या स्विचच्या, दोन जाड बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून सेल्फ थेट फिरवायचा. हा उपाय जुना आहे आणि बरेच लोक करतात. पण त्यात ब्रेकचा आणि पात्यांचा असे दोन्ही सुरक्षा स्विच बाजूला पडतात. मशीन गिअरमध्ये असेल किंवा पाती जोडलेली असतील तर ते उभ्या माणसाच्या अंगावर चालून येतं. शिवाय ठिणग्या उडतात त्या पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर. मित्राने ते केलं नाही. या सगळ्या प्रकरणात आमच्याकडून झालेला हा पहिला शहाणपणाचा निर्णय.

त्याऐवजी त्याने मधल्या वारी सीटखालचा स्विच बदलला, अठरा डॉलर. कारण कुठल्याशा व्हिडिओत तो दोषी निघाला होता. खरं तर ‘कट’ असा आवाज येत होता, म्हणजे किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची वाट पूर्ण होती; त्या वाटेतले सगळे स्विच आपापलं काम करत होते. शिवाय या मशीनवर सीटचा स्विच सेल्फच्या वाटेत नाहीच. तो ठिणगीच्या वाटेत असतो. पाती फिरत असताना माणूस उठला की तो इंजिन बंद करतो. वायरिंगचा नकाशा मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर होता. तो आम्ही नंतर पाहिला.

पाचवा पर्याय कोणाच्या यादीत नव्हता : आधी पन्नास-साठ डॉलर देऊन कोणाकडून तरी एकदा गवत कापून घ्यायचं आणि मग निवांत निदान करायचं. हे सुचलं ते वहिनींना, बुधवारी. गुरुवारी माणूस येऊन कापून गेला. अंगावरचं ओझं उतरलं आणि सेल्फची ऑर्डर टोपलीतच राहिली. पहिल्या रविवारीच हे केलं असतं तर माझ्या बॅटरीला कोणी एवढ्या घाईने हो म्हटलं नसतं.

काका येतात

काका-काकू त्याच गुरुवारी रात्री सहा महिन्यांसाठी आले. दिवस-रात्रीचं गणित उलटं झालेलं, त्यामुळे काका शुक्रवारी पहाटे तीनला जागे. मित्र सहाला उठला तर गॅरेजचा दिवा चालू, आणि काका स्वेटर घालून मशीनचं हूड उघडून शेजारी खुर्ची टाकून बसलेले. कशालाही हात लावला नव्हता. नुसते बघत होते.

शनिवारी मीही गेलो. काकांनी आधी आम्हालाच उलटतपासणीला घेतलं. कधीपासून? गार असताना की गरम असताना? आवाज कसला? मध्ये कधी सुरू झालं का? मित्र म्हणाला, “बाबा, सेल्फच गेलाय. परवा नवीन येईल, ऑर्डर टाकू का?”

“टाक की. पण आधी मला सांग, सेल्फ गेलाय हे तुला कोणी सांगितलं?”

“फिरत नाहीये ना.”

“फिरत नाहीये इंजिन. सेल्फला एकटं फिरवून बघितलंस का?”

मग त्यांनी प्लगची टोपी काढली, प्लग सोडवला, टोपीचं टोक क्लिपच्या वायरने इंजिनाच्या लोखंडाला अर्थ केलं आणि प्लगच्या भोकापासून लांब वळवून ठेवलं. कारण प्लग काढून इंजिन फिरवलं की त्या भोकातून पेट्रोलची वाफ उडते आणि तिथे ठिणगी नको. आम्हाला दोन पावलं मागे केलं. मित्र खुर्चीवर बसला, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली.

इंजिन भिंगरीसारखं फिरलं. मीटर ११.३ व्होल्टवर.

त्या चार सेकंदांत बॅटरी, सोलेनॉइड, सेल्फ, त्याचे दात आणि फ्लायव्हीलची चक्री एवढे सगळे निर्दोष सुटले. प्लग काढला म्हणजे सिलिंडरातला दाब गेला. दाब नसताना फिरतं, दाब असताना अडतं. मग दोष फिरवणाऱ्यात नाही, दाबात आहे. पहिल्या शनिवारी हे केलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. एक प्लगपाना पुरला असता.

एक आडवळण : अर्थिंगची केबल

काका तरी थेट इंजिनावर गेले नाहीत. “केबल बघून घेऊ, मग शंका राहत नाही.” प्लग परत लावला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि मित्राने किल्ली फिरवली. तारेत काही अडथळा नसेल तर इथे व्होल्टचा दहावा-पाचवा भाग दिसायला हवा. दिसले ०.७.

काळी केबल चॅसीला जिथे बोल्टने आवळली होती तिथे रंगाखाली गंज धरला होता. बॅटरी सोडवून ती जागा पॉलिश पेपरने घासून लखलखीत केली, वॉशर बदलला, आवळलं. आता ०.१५. किल्ली फिरवली, सेल्फचा झटका नक्कीच जोरदार झाला, पण इंजिन त्याच जागी अडलं.

इथे मी असतो तर पुढच्या कामाला लगेच हात घातला असता. काकांनी मात्र मित्राला कागद आणायला लावला आणि आधीचा आकडा, नंतरचा आकडा, काय बदललं, असं लिहायला लावलं. “वर्कशॉपात जॉबकार्डावर लिहायला लागायचं. नाहीतर संध्याकाळी गाडी नीट झाली तरी कशाने झाली ते कोणाला सांगता येत नाही.” पहिल्या शनिवारची आठवण होऊन मित्र आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही.

खटका कुठे आहे?

मग काकांनी प्लगची टोपी काढून ठेवली, पाती सुटी असल्याची खात्री केली, वरची जाळी काढली आणि फ्लायव्हील हाताने फिरवायला घेतलं. फिरलं, फिरलं, आणि एका जागी असं घट्ट झालं की त्यांना दोन्ही हात लावावे लागले. तिथून सुटलं की पुन्हा मोकळं. त्यांनी मलाही फिरवायला दिलं. हाताला ते भिंतीसारखं लागतं.

काका विचारात पडले. मग म्हणाले, “याला खटका कुठे आहे?”

आम्हाला कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या लहानपणी विहिरीवर हँडल मारून सुरू करायचं डिझेल इंजिन होतं. सांगली भागात तेव्हा ते मळ्या-मळ्यात असायचं. त्याच्या डोक्यावर एक छोटा दांडा असे. तो उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, दाब निघून जातो, आणि पोरगंसुद्धा हँडल फिरवू शकतं. वेग आला की दांडा सोडायचा, दाब धरतो, इंजिन धडधडायला लागतं. दांडा न उचलता हँडल मारायला गेलात तर इंजिन तुम्हालाच फेकून देणार. जुन्या बुलेटलाही असाच डीकॉम्प्रेसर होता. “एवढं मोठं एक सिलिंडर, आणि सेल्फ एवढासा. काहीतरी दाब सोडत असल्याशिवाय हा फिरवूच शकत नाही. तो खटका यात कुठेतरी आत असणार, आणि तो काम करत नाहीये.”

मी मॅन्युअल उघडलं. होतं. या इंजिनात तो खटका कॅमशाफ्टवरच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरच, बसवलेला असतो. सुरू होताना, इंजिन सावकाश फिरत असतं तेव्हा कॅमवरचा एक बारीकसा उंचवटा दाबाच्या फेऱ्यात व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो आणि दाब थोडा निसटू देतो. इंजिनाने वेग घेतला की छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि उंचवटा आत जातो. माणसाला काही करावं लागत नाही, म्हणून माणसाला तो माहीतही नसतो.

ही उचल केसाएवढी असते. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा छोटा हात, म्हणजे रॉकर, यांच्यातलं अंतर, म्हणजे टॅपेट, वाढलं की ती सगळी उचल त्या पोकळीतच जिरते. रॉकर हलतो पण व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. दाब पुराच्या पुरा राहतो. रॉकरची आणि त्याला ढकलणाऱ्या सळईची, पुशरॉडची, टोकं झिजून, नट थोडा सैल होऊन अंतर तासागणिक वाढत जातं. आदल्या ऑक्टोबरातली ती ठेच याचीच सुरुवात होती.

टॅपेट

काकांचा चेहरा इथे खुलला. टॅपेट हा त्यांचा प्रांत. दुकानातून फिलर गेज, म्हणजे अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या, आणलं, आठ डॉलर. इंजिन रात्रभर गार झालेलं होतं, तसंच हवं होतं. टॅपेट गार इंजिनावरच बघतात.

चार बोल्ट काढून व्हॉल्व्हचं झाकण उघडलं. आत दोन रॉकर, तेलाने चकाकणारे. पिस्टन दाबाच्या फेऱ्यात अगदी वर आणायचा आणि तिथून पाव इंच खाली उतरवायचा. हे पाव इंच महत्त्वाचं, कारण अगदी वरच्या बिंदूजवळ तो दाब सोडणारा उंचवटाच व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो आणि माप खोटं येतं. काकांनी वहिनींकडून प्लास्टिकचा जाडसर स्ट्रॉ मागून घेतला, त्यावर पेनने सहा मिलिमीटरवर दोन रेघा मारल्या, प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवला आणि मित्राला फ्लायव्हील हळूहळू फिरवायला सांगितलं. लोखंडी काही घालायचं नाही. आत पडलं किंवा वाकून अडकलं तर हेड उघडायची पाळी येते.

या इंजिनाच्या मॅन्युअलप्रमाणे हवेच्या बाजूच्या व्हॉल्व्हला ०.००३ ते ०.००५ इंच आणि धुराच्या बाजूच्या व्हॉल्व्हला ०.००५ ते ०.००७ इंच अंतर हवं. काकांनी पट्ट्या घालत घालत मोजलं. एकीकडे ०.०१० ची पट्टी सहज गेली. दुसरीकडे ०.०१२ ची.

मग मधला छोटा स्क्रू सैल करायचा, भोवतालचा नट फिरवून पट्टी अडखळत सरकेल इतकं अंतर आणायचं, नट धरून ठेवून स्क्रू पुन्हा आवळायचा. स्क्रू आवळताना नट थोडा फिरतोच, त्यामुळे पुन्हा मोजायचं. काकांनी एक व्हॉल्व्ह लावला आणि दुसरा मित्राला दिला. त्याला तीन वेळा करावा लागला. पट्टी कशी ‘ओढून’ लागली पाहिजे हे काका शब्दांत सांगत नव्हते. त्याच्या बोटांत पट्टी देऊन एकदा बरोबर, एकदा सैल, एकदा घट्ट अशी सरकवून दाखवत होते.

झाकण बसवण्याआधी आणखी एक गोष्ट तपासायची होती. अंतर नीट करूनही खटका चालत नसेल तर कॅमशाफ्टवरचा भागच तुटलेला असणार, आणि मग इंजिन उघडण्याचं काम, म्हणजे आमच्या आवाक्याबाहेर. काकांनी फ्लायव्हील हाताने अगदी सावकाश फिरवलं आणि आम्हाला रॉकरकडे बघायला सांगितलं. व्हॉल्व्ह एकदा पूर्ण उघडला, मिटला. मग दाबाच्या फेऱ्यात, जिथे काहीच हलायला नको, तिथे एक रॉकर जेमतेम दिसेल इतका दचकला आणि त्याखालचा व्हॉल्व्हही. “हा बघ तुझा खटका,” काका म्हणाले. आणि हाताला लागणारी ती भिंत आता नुसता चढ झाली होती.

परिणाम

नवी गॅस्केट घालून झाकण बसवलं, प्लग लावला, टोपी लावली. मित्र खुर्चीवर बसला. किल्ली फिरवली आणि दुसऱ्या फेऱ्याला इंजिनाने पेट घेतला. फिरताना मीटर १०.६ खाली गेला नाही. सुरू झाल्यावर बॅटरीवर १४.१, म्हणजे चार्जिंगही ठीक. काकांनी लगेच बंद करायला लावलं. पुन्हा सुरू. बंद. असं दहा वेळा. मग पंधरा मिनिटं गवतावर फिरवून, गरम झाल्यावर आणखी पाच वेळा. एकदाही अडलं नाही. एका यशावर विश्वास ठेवायचा नाही हे आम्ही आधी शिकलो नव्हतो, ते त्या दिवशी पंधरा वेळा शिकलो.

खर्चाचा हिशेब मित्राने मांडला. बॅटरी साठ, सीटचा स्विच अठरा, पेट्रोल-फिल्टर-क्लीनर मिळून सव्वीस, गवत कापून घेतलं त्याचे पंचावन्न, फिलर गेज आठ, गॅस्केट सहा. एकशे त्र्याहत्तर डॉलर. त्यातला मूळ आजारावर गेलेला खर्च चौदा डॉलर.

अर्थची केबल घासली नसती तर नुसत्या टॅपेटने काम झालं असतं का? बहुधा झालं असतं. पण ०.७ व्होल्ट गळत राहिले असते आणि पुढच्या थंडीत वेगळं दुखणं निघालं असतं. जुनी बॅटरी खरंच गेली होती का, हे आता कळायला मार्ग नाही. ती मी परत देऊन टाकली होती.

वेगळं काय करता आलं असतं

लक्षण कोणत्या जातीचं आहे ते ठरवण्याआधी पाना उचलायचा नव्हता, हे तर झालंच. माझ्या मते त्याहून मोठी चूक नवी बॅटरी बसवली त्या शनिवारी झाली. मशीन सुरू झालं तेव्हा आम्ही ते लगेच बंद करून पाच वेळा सुरू करून बघितलं असतं, तर गॅरेजमध्येच ते पुन्हा अडलं असतं आणि बॅटरीचा गैरसमज तिथेच संपला असता. आम्हाला गवत कापायची घाई होती.

भाराखालचा व्होल्टेज मोजल्यावर, इंजिन मोकळं असताना पुन्हा मोजायला हवं होतं. एकटा ८.७ चा आकडा काहीच सांगत नाही, त्याच बॅटरीवरचे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवले की सगळं सांगतात.

काकांकडूनही एक राहिलं, ते त्यांनीच नंतर कबूल केलं. जुन्या मशीनचे तास विचारायला हवे होते ते पहिल्या पाच प्रश्नांत. ३८० तासांत टॅपेट एकदाही बघितलेले नाहीत हे कळलं असतं तर झाकण कदाचित केबलच्या आधी उघडलं असतं. मॅन्युअलमध्ये ते काम वेळापत्रकात दिलेलं होतं, तेल बदलण्याच्या ओळीखाली. मित्र तेल दर वर्षी न चुकता बदलायचा.

काका सप्टेंबरअखेर परत गेले. जाण्याआधी त्यांनी हूडच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर दोन्ही टॅपेटची मापं, तारीख आणि मीटरचे तास लिहिले. मराठी आकड्यांत, त्यामुळे पुढे कधी डीलरचा माणूस आलाच तर त्याची पंचाईत आहे.

जूनमध्ये आमच्या मंडळातल्या आणखी एकाचा फोन आला होता. “तुमच्यासारखंच झालंय, मशीन सुरू होत नाही, काकांना आणता का?” काकांनी फोन हातात घेतला आणि विचारलं, “किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येतं?” काहीच नाही, तो म्हणाला. काकांनी त्याला सीटखाली वीस अँपिअरचा फ्यूज शोधायला सांगितला आणि फोन परत देऊन चहा घ्यायला गेले.